कार्ल बार्थ यांच्या निवडीच्या सिद्धांतातील इस्राएल : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

ईश्वराचे सार्वभौमत्व आणि त्याने केलेली निवड यांविषयीची ख्रिस्ती धर्मशास्त्रातील चर्चा प्रामुख्याने रोमकरांस पत्राच्या ९ ते ११ या अध्यायांवर उभी आहे. इ. स. ५७ च्या सुमारास हे पत्र लिहिताना पौलापुढील प्रश्न एका समाजाचा होता. ज्या इस्राएलाशी ईश्वराने करार केला त्यातील बहुसंख्यांनी येशूला मशीहा मानले नाही. मग ईश्वराचा शब्द फोल ठरला काय? पुढील परंपरेने हा प्रश्न बव्हंशी व्यक्तीच्या तारणाचा केला. ऑगस्टीन यांनी याकोब व एसाव यांच्या कथेत कृपेच्या निर्हेतुकतेचा पुरावा पाहिला. कॅल्व्हिन यांनी १५५९ च्या 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये काहींना जीवनासाठी व काहींना विनाशासाठी नेमणारा दुहेरी निर्णय मांडला. (मराठी वाचकाला येथे प्रारब्धाची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु प्रारब्ध हे कर्माचेच फळ असते, तर पौलाच्या युक्तिवादात जुळ्यांनी बरेवाईट काही करण्यापूर्वीच निवड झालेली आहे.) या वादात जिवंत यहूदी समाज जवळजवळ दृष्टीआड झाला.

बार्थ यांची मांडणी :

'चर्च डॉग्मॅटिक्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचा दुसरा भाग १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे १९३५ मध्ये बॉन विद्यापीठातील अध्यापनपद गमावलेले बार्थ तेव्हा बाझल येथे होते. या भागातील त्यांचे कार्य क्रांतिकारक म्हणावे लागेल. निवडणारा ईश्वर आणि निवडलेला मनुष्य हे दोन्ही येशू ख्रिस्तच, आणि नाकारले जाणेही त्यानेच स्वतःवर घेतले, असे प्रतिपादन करून त्यांनी गूढ व भयप्रद निर्णयाची कल्पना मोडीत काढली. शिवाय व्यक्तीच्या निवडीआधी समुदायाच्या निवडीचा विचार करून, कंडिका ३४ मध्ये रोमकरांस पत्राच्या या तीन अध्यायांचे सविस्तर विवरण केले. यहूदी आजही निवडलेलेच आहेत, हे त्यांनी युरोपात यहूद्यांचा संहार चालू असताना निःसंदिग्धपणे लिहिले.

तथापि अडचण याच कंडिकेत आहे. बार्थ यांच्या मते एकाच समुदायाची दोन रूपे असतात : इस्राएल ईश्वराच्या न्यायाचे दर्शन घडवतो, तर मंडळी त्याच्या दयेचे, इस्राएल अभिवचन ऐकतो, तर मंडळी त्यावर विश्वास ठेवते, एक रूप सरणारे, दुसरे येणारे. रचना देखणी आहे, पण तिच्यातील इस्राएल स्वतः काही बोलत नाही. यहूद्यांची प्रार्थना, त्यांचे नियमशास्त्राचे पालन, मंदिराच्या विध्वंसानंतरचे त्यांचे विपुल धर्मवाङ्मय यांना येथे स्वतंत्र साक्षीचे मोल मिळत नाही. द्वेषाला ठाम विरोध करणाऱ्या लेखकाच्या ग्रंथातही यहूदी मनुष्य चिन्हापुरता उरावा, ही बाब किरकोळ नव्हे.

पौलाचा रोख :

मूळ पत्राचा रोख वेगळा आहे. नवव्या अध्यायातील कुंभार व मातीची प्रतिमा यिर्मयाच्या अठराव्या अध्यायाची आठवण करून देते. तेथे कुंभार बिघडलेले भांडे टाकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे घडवतो. राष्ट्र वळले तर ईश्वरही आपला निर्णय बदलतो. सार्वभौमत्वाचा अर्थ येथे निष्ठुर नियती असा होत नाही. अकराव्या अध्यायातील जैतुनाच्या दृष्टांतात तर इशारा कलम केलेल्या रानटी फांद्यांना, म्हणजे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना आहे : मूळ तुम्हांला धरून आहे, तुम्ही मुळाला नव्हे. ईश्वर स्वतंत्र आहे म्हणूनच मंडळीला कोणास टाकाऊ ठरवण्याचा अधिकार उरत नाही. ज्या वचनांनी मंडळीचा ताठा उतरावा, त्यांचाच वापर शतकानुशतके यहूद्यांविरुद्ध झाला, हा या सिद्धांताच्या इतिहासातील सर्वांत कटू विपर्यास होय.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात याच अध्यायाचा आधार घेऊन यहूदी हे ईश्वराने टाकलेले वा शापित लोक नव्हेत, असे स्पष्ट केले. मात्र यहूदी व्यक्तीशी समोरासमोर बोलताना सिद्धांताचे काय होते, हे मायकेल विशोग्रॉड यांच्या एका आठवणीत अधिक नेमके दिसते. १९२८ साली बर्लिनमध्ये जन्मलेले व १९३९ मध्ये जर्मनी सोडावी लागलेले हे सनातनी यहूदी विचारवंत बार्थ यांचे साक्षेपी वाचक होते. १९६६ च्या ऑगस्टमध्ये ते त्यांना बाझलला भेटले. यहूद्यांपाशी अभिवचन आहे, पूर्ती नाही. ख्रिस्त्यांपाशी दोन्ही आहेत, असे बार्थ त्यांना म्हणाले. त्यावर विशोग्रॉड यांनी उत्तर दिले, की माणसाच्या वचनाबाबत असे होऊ शकते, कारण वचन देणारा मरेल किंवा त्याचे मन बदलेल. ईश्वराचे वचन मात्र बँकेत ठेवलेल्या पैशासारखे असते, ते मिळाले म्हणजे पूर्तीही मिळाली. बार्थ काही वेळ गप्प राहिले. मग आपण या दृष्टीने कधी विचारच केला नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली. 'चर्च डॉग्मॅटिक्स'ची ती कंडिका प्रसिद्ध होऊन तेव्हा २४ वर्षे झाली होती.