बर्फ चाळीसगावचा, थंडी पारोळ्याची

खानदेशात कुठल्याही गावी जा, एखाद्या सलूनच्या, लॉजच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर बर्फाची सीनरी हमखास सापडते. उतरत्या छपराचं लाकडी घर, देवदारासारखी झाडं, मागे पांढरेशुभ्र डोंगर. खाली बाकावर बसलेल्या माणसाने मे महिन्यात ४४-४५ अंश सोसलेले असतात, तेव्हा त्या सीनरीला हसण्यात अर्थ नाही. ती लावलेलीच असते डोळ्यांना गारवा म्हणून. माझा प्रश्न दुसरा आहे. जी थंडी मार्गशीर्ष-पौषात दरसाल पारोळ्याला येते, तिचं चित्र कुठे आहे?

मराठी चित्रकलेत ते जवळजवळ नाहीच. निसर्गचित्रांची आपली परंपरा काही लहान नाही. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली, १८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी आली आणि जलरंगातलं निसर्गचित्र हे तर आपल्या चित्रकारांचं हुकमी पान झालं. पण चित्रं आठवून पाहा. आबालाल रहिमान म्हटलं की कोल्हापूरचा रंकाळा, प्रल्हाद अनंत धोंड म्हटलं की कोकणचा समुद्र, शिवाजी तुपे म्हटलं की नाशिकचे घाट, आणि आज मिलिंद मुळीक म्हटलं की पावसाने चकाकणारा रस्ता. सगळीकडे पाणी. जलरंगाला ओल मानवते, ओल्यात ओला रंग सोडला की धुकं, ढग, पागोळ्या आपोआप उतरतात, आणि ज्यात हात बसला तेच डोळा शोधत राहतो. कोरड्या थंडीत हे आयतं काही मिळत नाही. कवितेतही फार वेगळं घडलेलं नाही. धरणगावात जन्मलेले बालकवी हे खानदेशचे निसर्गकवी, पण घरोघर पाठ झाला तो त्यांचा श्रावण.

ज्यांनी बर्फ पाहिला त्यांचं काय? इंदूरच्या मराठी घरातले ना. श्री. बेंद्रे १९३०च्या दशकात काश्मीरमध्ये पर्यटनाच्या प्रचारकामासाठी नोकरीला होते. हिमालय तिथे त्यांच्या रोजच्या नजरेत होता. पुढे त्यांनी घनवादापासून बिंदुवादी मांडणीपर्यंत बरंच काही हाताळलं, पण त्यांची ओळख बर्फाने ठरली नाही. मुंबईच्या प्रागतिक गटातले सय्यद हैदर रझा १९४८मध्ये काश्मीरला गेले. तिथे भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रं पाहून सांगितलं की हात आहे, पण चित्राला बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. रझांनी ते मनावर घेतलं आणि १९५०मध्ये फ्रान्स गाठलं. काश्मीरच्या सहलीतून आजही गठ्ठ्याने येणाऱ्या आपल्या चित्रांना हीच तंबी लागू पडते. डोंगर देखणा असतो, चित्र नसतं.

ज्यांचा बर्फ थोर ठरला त्यांनी तो घरचा म्हणून रंगवला. ब्रूगेलचं शिकारी परततानाचं प्रसिद्ध चित्र १५६५चं, म्हणजे युरोपातल्या एका क्रूर हिवाळ्याच्या लगोलग केलेलं. त्यात शिकाऱ्यांच्या हाती जेमतेम एक कोल्हा लागलाय आणि कुत्र्यांच्या माना खाली आहेत. मोनेने १८६८-६९च्या हिवाळ्यात कुंपणावरचा मॅगपाय पक्षी रंगवला तेव्हा बर्फावरची सावली निळी-जांभळी दाखवली. पांढरा हा रंग नसून तो उजेडाचा हिशेब आहे, हे त्या चित्रापुढे कळतं. आपल्याकडच्या बारामासा लघुचित्रांतही पौष-माघ आहेत. तिथे बर्फाचा कण नाही. रजई आहे, शेगडी आहे, गच्चीवरचं कोवळं ऊन आहे. थंडी माणसाच्या अंगावरून ओळखायची, ही सोय आपल्याच चित्रकारांनी करून ठेवली होती आणि आपणच ती विसरलो.

आता चाळीसगावकडे. केकी मूस (१९१२–१९८९) हे पारशी गृहस्थ इंग्लंडमध्ये कला शिकून आले आणि स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात जवळपास पन्नास वर्षं राहिले, ती सुद्धा क्वचितच बाहेर पडत. त्यांच्या न परतलेल्या प्रेयसीची आणि रेल्वेची गोष्ट इतकी रंगवून सांगितली जाते की कामाबद्दल बोलायला कुणाला उसंत उरत नाही. त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणात. या प्रकारात अख्खं दृश्य टेबलावर मांडायचं असतं. वाळकी काटकी म्हणजे झाड, मूठभर माती म्हणजे टेकडी, आणि बर्फ हवा असेल तर पीठ, मीठ किंवा कापूस. फसवणूक वस्तूंनी होत नाही, दिव्याने होते. दिवा हातभर वर ठेवला की पीठ पीठच दिसतं. टेबलाच्या कडेला खाली आणून आडवा उजेड सोडला की त्याच्या प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते आणि पहाट होते. सहलीतल्या काश्मीरपेक्षा हा टेबलावरचा बर्फ मला जास्त खरा वाटतो, कारण तो केवळ नजरेच्या जोरावर उभा राहतो. जपानी चित्रकार हिरोशिगेचंही असंच. त्याच्या टोकाइडो मालिकेतलं सर्वांत गाजलेलं हिमदृश्य कांबाराचं, १८३३-३४च्या सुमाराचं. कांबारा हा जपानचा उबदार किनारा, तिथे असा बर्फ क्वचितच पडतो. चित्राचं त्यावाचून काही अडलं नाही.

पण मूस यांच्या टेबलावरचा तो आडवा दिवा पारोळ्याच्या शिवारात डिसेंबरभर फुकट जळत असतो. मेच्या शेवटी इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारी जेमतेम ४६ अंशांवर असतो, म्हणजे उभ्या माणसाची सावली त्याच्याच उंचीएवढी. सकाळी आठला तर १७२७च्या भुईकोटाच्या तटातला दगडन्‌दगड वेगळा मोजता येतो. (किल्ल्याचे फोटो मात्र सगळे पावसाळ्यातले, हिरवळीसकट.) शेतात वेचणी होत आलेली कपाशी असते. हौशी छायाचित्रकार तिला बर्फाची चादर म्हणतात, ते शेतात न उतरता. उतरून पाहिलं तर पानं लाल्या रोगाने तांबडी-जांभळी झालेली, काड्या करड्या, आणि मागे राहिलेली बोंडं धुळीने मळकी. पलीकडे दादर ज्वारीचं शेत. रावेर-यावलकडे पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीला करपण्याची धास्ती, म्हणून शेतकरी रात्री बागेच्या कडेने काडीकचरा पेटवतात. सकाळी तो धूर पानांच्या उंचीवर लोंबत असतो. थंडी म्हणजे नुकसान, हे ब्रूगेलला कळलं होतं. आपल्या प्रदर्शनांत हिवाळा आलाच तर शेकोटीभोवतीच्या हसऱ्या मंडळींपुरता येतो.

हे रंगवायचं तर पांढऱ्या कागदावरचा ओला जलरंग बहुधा कामाचा नाही. कोरड्या हवेत थर झपाट्याने वाळतो आणि कडा कडक राहतात. त्यापेक्षा खाकी, मळखाऊ कागद घ्यावा, काळी जमीन कोळशाने धरावी आणि उजेड पेस्टलने किंवा अपारदर्शक रंगाने वर चढवावा. हिरवी ट्यूब घरी राहिली तरी चालेल. जांभळी मात्र दोन लागतील.