परांचीचा विसरलेला भाग

लहान मुलांना इंग्रजी कसे शिकवावे हे सांगणाऱ्या शिक्षक-पुस्तिकांत 'स्कॅफोल्डिंग' हा शब्द आता सर्रास आढळतो. बांधकामाभोवती परांची उभारतात, तशी मुलाला शिकताना दिलेली तात्पुरती मदत, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र 'धिस इज अ' एवढे छापून पुढची जागा मोकळी सोडली की परांची बांधून झाली, असे मानले जाते. मूळ प्रयोगाशी हे ताडून पाहायला हवे.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन, चार व पाच वर्षांची एकूण ३० मुले घेतली होती. एकमेकांत बसणारे २१ लाकडी ठोकळे जोडून पिरॅमिड रचायचा होता. शिक्षिका प्रत्येक मुलाबरोबर स्वतंत्रपणे बसे; त्याला जमेल तेवढे त्याचे त्याला करू देई आणि ते अडले तरच पुढे होई. तीन वर्षांच्या मुलांना कामाकडे पुन्हापुन्हा वळवावे लागले. चार वर्षांच्यांना शब्दांनी चूक दाखवणे बरेचसे पुरले. पाच वर्षांच्यांना तर अधूनमधून दुजोराच हवा होता. म्हणजे मुलाने नुकतेच काय केले, यावरून मदतीचे माप ठरत होते. छापील गाळलेली जागा हे कसे करणार? ज्याला सगळे वाक्य येते आणि ज्याला ते ऐकूनही कळत नाही, त्या दोघांना ती सारखीच.

या प्रयोगातले आणखी एक निरीक्षण भाषाशिक्षकाला अधिक मोलाचे वाटावे. सर्वांत लहान मुलांना बरोबर जोडणी स्वतः करणे अवघड जाई, पण बरोबर जोडलेले ठोकळे ती ओळखत. ओळख आधी, निर्मिती नंतर. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आले. घरी ती भाषा कानावर न पडणाऱ्या मुलाकडून पहिल्याच आठवड्यात पूर्ण वाक्य वदवून घेणे म्हणजे पाया भरण्याआधी परांची चढवणे होय.

अर्थात उपमेलाही मर्यादा आहेत. पिरॅमिड पुरा झाला हे मुलाला दिसते, वाक्य पुरे झाले हे दिसत नाही. शिवाय प्रयोगात एका वेळी एकच मूल होते. चाळीस मुलांच्या वर्गात तसे माप ठेवणे दुष्कर. (आणि इमारत गवंड्याला मध्येच मराठीत उत्तर देत नाही!)

तरीही काही करता येते. चेंडू दाखवल्यावर मूल 'चेंडू' म्हणाले, तर 'येस, अ बॉल. रेड ऑर ब्लू?' असे विचारावे. 'रेड' एवढे उत्तर त्या दिवशी पुरेसे मानावे. काही दिवसांनी रंगांचे पर्याय न देता 'व्हॉट कलर?' एवढेच विचारावे. पुढे नुसता चेंडू उचलून थांबावे. हे थांबणे किती वेळ, कोणापाशी आणि केव्हा, यावर पुस्तिकांत एखादे तरी पान असायला हवे होते.