वीणा खालीं ठेविल्यानंतर

इनायत खान यांच्या ग्रंथांचें परीक्षण करूं पाहणाराला आरंभींच एक अडचण येते. त्यांतील बहुतेक ग्रंथ त्यांनीं लिहिले नाहींत. ते बोलले, आणि शिष्यवर्गानें तीं इंग्रजी व्याख्यानें लघुलिपींत उतरून घेतलीं. त्यामुळें एकच विचार दहा ठिकाणीं भेटतो, दृष्टांत पुन्हां पुन्हां येतात, आणि विधानाला पुरावा देण्याची गरज वक्त्याला क्वचितच भासलेली दिसते. इंग्रजी निबंधाच्या शिस्तींत वाढलेल्या आमच्यासारख्या वाचकाचा धीर पहिल्या पन्नास पानांतच सुटूं लागतो. तो सुटूं देऊं नये. हे ग्रंथ गवयाच्या बैठकीसारखे घ्यावे लागतात. तीच जागा तो पुन्हां घेतो तेव्हां कधीं ती निराळी लागलेली असते, कधीं नुसतीच पुन्हां घेतलेली असते. या दोहोंतला भेद ओळखणें हेंच येथें टीकाकाराचें काम आहे.

इनायत खान १८८२ सालीं बडोद्यास जन्मले. त्यांचे मातामह मौलाबक्ष हे त्या दरबारचे नामांकित गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें १८८६ सालीं बडोद्यांत जी गायनशाळा निघाली तिचे ते प्रमुख; गाणें कागदावर उतरविण्यासाठीं त्यांनीं स्वतःची स्वरलिपि रचिली होती. परंतु त्यांच्या चरित्रांतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. हा उत्तरेचा मुसलमान गवई म्हैसुराकडे जाऊन कर्नाटक संगीत शिकला. ज्या विद्येचीं बहुतेक पदें रामकृष्णादि देवांच्या स्तुतीचीं, ती त्यानें शिष्य होऊन, दुसऱ्याच्या पायांशीं बसून घेतली. नातवानें पुढें धर्माधर्मांच्या सख्याविषयीं जें जें सांगितलें, त्यांतील पुष्कळसें आजोबांनीं न बोलतां आधींच आचरून ठेविलें होतें.

नातवाची गुरुपरंपरा चिश्ती. संगीताला ईश्वराच्या वाटेवरचें साधन मानणारा हा पंथ. तेव्हां गाणें आणि ध्यान यांची फारकत इनायत खानांच्या घरीं कधीं नव्हतीच. हैदराबादेस सय्यद अबू हाशिम मदनी यांचा अनुग्रह त्यांना लाभला. गुरु १९०७ सालीं निवर्तले, आणि १९१० च्या सप्टेंबरांत इनायत आपल्या आप्तांसह अमेरिकेस निघाले. तेथें १९११ सालीं रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यांत त्यांना साथीला बसावें लागलें. पौर्वात्य देखाव्यांच्या त्या खेळांत वीणा वाजविणाऱ्या फकिराच्या मनाची काय स्थिति झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. फकीर म्हटलें तरी ते संन्यासी मात्र नव्हते. ओरा रे बेकर या अमेरिकन स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला, चार मुलें झालीं. त्यांचें चिंतन संसारांत आणि आगगाडीच्या प्रवासांत चाललें. पुढें पॅरिसजवळ सुरेन येथें त्यांचें घर झालें व तेथें उन्हाळ्यांत शिष्य जमूं लागले. आणि याच काळांत वीणा त्यांच्या हातून सुटली.

या त्यागाचा त्यांनीं स्वतः केलेला खुलासा प्रसिद्ध आहे : तारा लावण्याऐवजीं आतां माणसांचीं मनें सुरांत लावावयाचीं. खुलासा सुंदर आहे; परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हें शिष्यांच्या लिखाणांत सहसा आढळत नाहीं. ज्यांनीं यमन कधीं ऐकला नाहीं अशा श्रोत्यांस नादब्रह्म समजावून सांगावयाचें म्हणजे संगीत गेलें आणि संगीताची उपमा तेवढी उरली. संगीताच्या गूढ अर्थाविषयींच्या त्यांच्या व्याख्यानांत हा फरक स्पष्ट दिसतो. श्वास, आवाजाचा पोत, वाद्य लावतांना वादकाचें मन कसें स्थिर होतें, यांविषयीं ते बोलतात तेव्हां प्रत्येक वाक्याला हाताच्या सरावाचें वजन असतें. स्वर आणि रंग, स्वर आणि ग्रह यांच्या नात्यांकडे वळले कीं पायथागोरसापासून चालत आलेला जुना धूसर प्रदेश लागतो, आणि तेथें वीणाकाराला इतर कोणाहून अधिक दिसत नाहीं.

१९२३ च्या 'गायन' या सुभाषितसंग्रहाची गोष्ट वेगळी. त्याच्या भागांना आलाप, अलंकार, गमक, तान, ताल अशीं नांवें आहेत. यांतील कांहीं योजना मला हौशीच वाटतात. सुभाषिताला तान म्हटल्यानें त्यांत तान येत नाहीं. पण प्रार्थनांच्या भागाचें नांव पाहून वाचक थबकल्याशिवाय राहणार नाहीं. तें नांव 'गायत्री' आहे. आणि त्याच प्रार्थनांत 'सलात' नांवाची एक प्रार्थना राम, कृष्ण, शिव, बुद्ध, जरथुष्ट्र, मूसा, येशू व महंमद यांचा एका श्वासांत उच्चार करते. चिश्ती परंपरेंतला पुरुष आपल्या प्रार्थनांना गायत्री म्हणतो, आणि त्यांत ना पांडित्याचा आव, ना कोणाला जिंकण्याची ईर्षा. मित्राच्या घरची वस्तु आपल्या घरांत सहज वापरावी, तसा हा शब्द आला आहे. बडोद्याचें बालपण या एका शब्दांत सांपडतें. पाश्चात्त्य शिष्यांना मुसलमान होण्याची अट त्यांनीं घातली नाहीं, हेंही याच स्वभावाला धरून होतें.

माझा आक्षेप आहे तो १९२१ सालीं लंडनमध्यें त्यांनीं सुरू केलेल्या विश्वोपासनेविषयीं. एका वेदीवर प्रत्येक धर्माच्या नांवानें एकेक मेणबत्ती लावावयाची, प्रत्येकाच्या ग्रंथांतून एकेक उतारा वाचावयाचा. हेतूबद्दल कोण शंका घेईल? पण हा विधि ठरविणारा मनुष्य वीणाकार होता, आणि म्हणून त्याच्याच विद्येच्या कसोटीवर तो घासून पाहणें योग्य होय. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची. ती षड्जाशीं मिळवितात म्हणजे तिला षड्ज करीत नाहींत. ती पंचमच राहिली तर मिळते. शिवाय मालकंसांत पंचम वर्ज्य, म्हणून तेथें तीच तार मध्यमावर आणावी लागते. राग जसा त्यांतल्या स्वरांनीं, तसा गाळलेल्या स्वरांनींही ओळखला जातो. धर्मांचेंही असेंच नाहीं काय? प्रत्येकाला कांहीं तरी वर्ज्य आहे : एकाला मूर्ति, एकाला मध्यस्थ, एकाला ईश्वराविषयींचें बोलणेंच. त्या वर्ज्यांमुळेंच त्यांना रूप आहे. उताऱ्यांमागून उतारे वाचले जातात तेव्हां वर्ज्य असें कांहींच उरत नाहीं, आणि रागमालिकेचा आनंद मिळाला तरी कोणताही राग रात्रभर आळविण्याची तपश्चर्या घडत नाहीं. श्रीगोंद्याचे शेख महंमद विठ्ठलभक्तांत मिसळले आणि त्यांनीं मराठींत 'योगसंग्राम' रचिला. मौलाबक्ष म्हैसुराकडे गेले. दोघांनींही दुसऱ्याच्या घरीं जाऊन त्या घरचे नियम पाळले. मेणबत्तीला तसे श्रम नाहींत.

यावर कोणी म्हणेल कीं लंडनच्या एका सभेपुढें, महायुद्धाच्या जखमा ओल्या असतां, याहून अधिक काय करतां आलें असतें? हें उत्तर मला अगदींच लंगडें वाटत नाहीं. त्यांचे श्रोते रागाचे नियम जाणत नव्हते, आणि आयुष्यही थोडें उरलें होतें. १९२६ सालीं ते हिंदुस्थानांत परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजीं दिल्लीस निवर्तले. निजामुद्दिनाच्या वस्तींत त्यांची कबर आहे.

परदेशीं जाण्यापूर्वीं, १९०९ सालीं, कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीनें त्यांच्या गाण्याच्या तबकड्या मुद्रित केल्या होत्या. त्या १९९४ सालीं नव्या रूपांत पुन्हां निघाल्या. तीनएक मिनिटांच्या तबकडींत आलापाला जागा नाहीं, हें खरें. तरी ग्रंथ उघडण्यापूर्वीं त्या ऐकाव्या. तेथें ते कोणालाही कांहीं समजावून सांगत नाहींत.