पोल्का: हळहळीचं गाणं बिअरचं कसं झालं

मंडळी, चाकणला स्कोडाच्या गाड्या आपण रोज बघतो. हे नाव एमिल श्कोडा या उद्योजकाचं आडनाव. पण चेक भाषेत 'श्कोडा' म्हणजे नुकसान, हळहळ. आजचा विषय त्याच बोहेमियातला आहे: पोल्का.

१८३० च्या दशकातला हा नाच. दोन मात्रांचा ठेका, तीन पावलं आणि एक हलकी उडी, बस्स. प्रागच्या नाचघरांतून तो पसरला आणि १८४४ च्या सुमारास पॅरिसला त्याचं वेड लागलं. पुढे स्मेतानाने तो ऑपेरातही नेला.

पण माझ्या मते पोल्का खऱ्या अर्थाने जगला तो स्थलांतरित कामगारांच्या गावांत. क्लीव्हलँडच्या स्लोव्हेनियन लोकांनी अकॉर्डियन आणि बँजोवर तो सफाईदार केला. शिकागोच्या पोलिश वस्तीत क्लॅरिनेट-ट्रंपेटवर तो संथ, मोकळा झाला. टेक्सासमध्ये जर्मन-चेक शेतकऱ्यांचं अकॉर्डियन मेक्सिकन वादकांनी उचललं. ठेका एकच, पण प्रत्येकाचा हात वेगळा लागला. याला 'हलकं संगीत' म्हणणारे हे विसरतात.

आता तक्रार. यारोमिर वेव्होडा याने १९२७ मध्ये एक पोल्का बांधला. १९३४ मध्ये त्याला चेक शब्द मिळाले, 'श्कोडा लास्की', म्हणजे वाया गेलेल्या प्रेमाची हळहळ. १९३९ मध्ये त्याचं इंग्रजी रूप आलं, 'बिअर बॅरल पोल्का', आणि ते जगभर गाजलं. चाल तीच, पण हळहळ गेली आणि पिंप आलं! ऐकणारे वाढले हे खरंच; पण मूळ गाण्यात काय होतं, ते त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

हे मी इथे का सांगतोय? कारण आपलाही कारखान्यांचा पट्टा आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा शिफ्ट संपवून आलेला माणूसही टाळाच्या ठेक्यावर पाऊली धरतो. तिथे पाय आणि शब्द बरोबर चालतात, कारण अभंग पाठ असतात. पण लातूरहून, बीडहून आलेल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या? त्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात येत नाहीत. तिथे डीजे असतो, ठेका असतो, शब्द कुणाचेही चालतात.

पावलं कुठेही रुळतात हो, शब्द मात्र मुद्दाम जपावे लागतात. म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा: आईला एक ओवी म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.