रेखाटन आणि निर्णय : मायकेल ग्रेव्हज यांच्या भूमिकेचे परीक्षण

अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ मायकेल ग्रेव्हज (१९३४–२०१५) यांनी २०१२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात एक छोटा लेख लिहून हाताने काढलेल्या रेखाटनाचा कैवार घेतला. त्या वेळी वास्तुशिल्पाच्या कचेऱ्यांत संगणकाचा अंमल पूर्णपणे स्थिरावला होता. तथापि ग्रेव्हज यांची तक्रार गतकाळाविषयीची हळहळ म्हणून बाजूस सारता येत नाही. तरुणपणी रोममध्ये राहून तेथील प्राचीन वास्तू रेखाटणाऱ्या आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात सुमारे चार दशके अध्यापन करणाऱ्या या कलावंताच्या विवेचनामागे एक निश्चित सिद्धांत आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ग्रेव्हज रेखाटनाचे तीन प्रकार मानतात. पाहिलेल्या वस्तूची वा सुचलेल्या कल्पनेची त्रोटक नोंद हा पहिला; रचनेचा शोध घेत टप्प्याटप्प्याने केलेला अभ्यास हा दुसरा; आणि मापे व प्रमाणे कायम झालेला अंतिम आराखडा हा तिसरा. यांपैकी तिसरा प्रकार संगणकाकडे गेला हे योग्यच झाले, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. त्यांचा आग्रह आहे तो पहिल्या दोहोंपुरता.

या आग्रहाचे समर्थन ते मन, डोळा आणि हात यांच्या परस्परसंबंधाच्या आधारे करतात. हे समर्थन खरे असले तरी पुरेसे नाही. कारण संगणकापुढे बसलेल्याचेही मन आणि डोळा कामात गुंतलेले असतातच. अधिक भक्कम कारण त्यांनीच सांगितलेल्या एका आठवणीत दडलेले आहे. विद्यापीठातील एका कंटाळवाण्या सभेत ते आणि त्यांचे एक सहकारी एकच वही आळीपाळीने एकमेकांकडे देत चित्रात रेषांची भर घालीत राहिले. हा खेळ रंगला, कारण हाताने ओढलेली रेषा अर्धवट बोलू शकते. ती भिंत असेल, ओसरीची कड असेल, किंवा केवळ एक शंका असेल. संगणकावर मात्र रेषा उमटताच तिला नेमकी लांबी आणि नेमके स्थान प्राप्त होते. जे अद्याप ठरलेले नाही, तेही ठरल्यासारखे दिसू लागते. हस्तरेखाटनाचे खरे मोल निर्णय परिपक्व होईपर्यंत तो खुला ठेवण्याच्या या शक्तीत आहे.

ही कसोटी स्वतः ग्रेव्हज यांच्या कृतीला लावून पाहिली पाहिजे. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराची पंधरा मजली कार्यालयीन इमारत १९८२ मध्ये पुरी झाली आणि आधुनिकोत्तर वास्तुशैलीचे ठळक उदाहरण म्हणून गाजली. तिच्या दर्शनी भागाची ग्रेव्हज यांची रंगीत चित्रे अतिशय मोहक आहेत. परंतु कागदावर जी पट्ट्यांची आणि स्तंभांची रचना भारदस्त वाटते, ती प्रत्यक्षात भिंतीवर चिकटविल्यासारखी भासते, असा आक्षेप पुष्कळ समीक्षकांनी घेतला. लहान चौकोनी खिडक्यांमुळे आत उजेड अपुरा पडे. पुढे पाणीही झिरपू लागले. अखेर २०२० मध्ये संपलेल्या नूतनीकरणात इमारतीवर बाहेरून नवे आवरण चढवावे लागले. बांधकामाचा खर्च अतिशय मर्यादित होता, ही गोष्ट या दोषांचे माप करताना विसरता येणार नाही. तरीही एवढे खरे, की हाताने काढलेले चित्रही संगणकाच्या गुळगुळीत प्रतिमेइतकेच फसवे ठरू शकते. चित्र स्वतःच पूर्ण आणि रमणीय झाले, की ते वास्तूला प्रश्न विचारीनासे होते.

यावरून ग्रेव्हज यांची भूमिका निकालात निघत नाही. तिची मर्यादा मात्र स्पष्ट होते. हात हा प्रामाणिकपणाचा जामीनदार नव्हे. वास्तुशिल्पाच्या शिक्षणक्रमात हस्तरेखाटनाचे तास राखावयाचे असतील, तर ते देखण्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी राखण्यात फारसा अर्थ नाही. विद्यार्थ्याला खोडता येईल, दुसऱ्याच्या हाती देता येईल आणि पुन्हा विचारात घेता येईल अशी रेषा काढावयास शिकविणे, हेच त्या तासांचे प्रयोजन असले पाहिजे.