लोखंडातली मोकळी जागा

जपानी तलवारीच्या पात्याला मुठीपासून वेगळे करणारी एक चकती असते, तिचे नाव त्सुबा. जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद. वार करताना हात घसरून आपल्याच पात्यावर जाऊ नये आणि तलवारीचा तोल सांभाळला जावा, एवढे तिचे काम. या चकत्यांत मला सर्वांत थोर वाटते ती तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या नावाने ओळखली जाणारी, समुद्रकाकडी या सागरी प्राण्याच्या आकाराच्या पोकळ्यांची.

तिच्यावर फूल नाही, पक्षी नाही, सोन्याची तार नाही. मधल्या निमुळत्या छिद्रातून पात्याचे शेपूट जाते आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन लांबट पोकळ्या आहेत, बस्स. कारागिराने जे काढून टाकले तेच चित्र झाले. पोकळ्या एवढ्या मोठ्या की बाजूंना धातूची नुसती कड उरते आणि सारा भार मधल्या उभ्या पट्ट्यात एकवटतो. नजर आधी पोकळीवर जाते, मागाहून धातूवर.

मुसाशी 1640 साली हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, होसोकावा घराण्याच्या आश्रयाला आला आणि 1645 मध्ये तिथेच वारला. साठाहून अधिक द्वंद्वांत आपण एकदाही हरलो नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पण त्याचे एक शाईचे चित्र पाहावे. वाळक्या फांदीची एका दमात ओढलेली उभी रेघ, तिच्या शेंड्यावर खाटीक पक्षी, रेघेवर चढणारी एक अळी. उरलेला बहुतेक कागद कोरा. चकतीशी त्याचे नाव परंपरेने जोडले आहे आणि या आकाराच्या नकला पुढे उदंड झाल्या. तरीही तो कोरा कागद आणि ही पोकळी मला एकाच मनाची वाटते.

आपल्याकडच्या तलवारीत अशी चकती वेगळी निघालीच नसती. आपली परज मुठीशी एकजीव असते आणि पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत लाख-राळ ओतून पक्के बसवलेले असते. जपानी मूठ बांबूच्या एका खुंटीवर टिकते. खुंटी काढली की सगळे सुटे होते, म्हणून एकाच पात्याला प्रसंगाप्रमाणे चकती बदलता येई. 1876 मध्ये जपान सरकारने उघडपणे तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि सुट्या झालेल्या हजारो चकत्या बाजारात आल्या, युरोप-अमेरिकेत गेल्या. हॅम्बुर्गच्या संग्रहालयात शिन्किची हारा यांनी त्यांच्या कारागिरांचा शोध घेऊन 1902 साली जर्मन भाषेत ग्रंथ काढला. धाराशिव जिल्ह्यातले आमचे कळंब 1948 पर्यंत ज्या निजामाच्या राजवटीत होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी तलवारी आहेत.

संग्राहक चकती वाचतो ती अशी: मधल्या छिद्राभोवती ठोकल्याच्या खुणा आहेत का? तांब्याचे तुकडे बसवून छिद्र लहान केले आहे का? तसे असेल तर ती एकाहून अधिक पात्यांवर बसली असावी. कडेला घडाईत राहिलेल्या लोखंडाच्या कठीण गाठी हाताला लागतात का? सहीवर मात्र तो पटकन विश्वास ठेवत नाही, कारण खोट्या सह्याही जुन्याच आहेत. सर्वांत मोलाची ती गंजाची काळसर तकाकी, वर्षानुवर्षे वापरलेल्या तव्याला येते तशी. ती खरवडली की चकतीचे वय पुसले जाते, आणि ते पुन्हा आणता येत नाही.

म्हणून धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. घरात जुनी तलवार, कट्यार किंवा नुसती मूठ असेल, तर दसऱ्याच्या पूजेआधी तिला पॉलिश पेपर, लिंबू किंवा ॲसिड लावू नका. कोरड्या सुती कापडाने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, आणि शक्य झाले तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन जाणकारांना विचारा.