वामनवृक्षातील मृतकाष्ठ : औचित्याचा एक प्रश्न

वामनवृक्षाच्या रचनेत मृतकाष्ठास जे मानाचे स्थान लाभले, ते मुख्यतः जपानी पर्वतांवरील जुनिपरमुळे. हिमभाराने मोडलेली फांदी, वाऱ्याने सोललेले खोड आणि अंगच्या राळेमुळे न कुजता उन्हात पांढरे पडलेले काष्ठ, हे त्या वृक्षाचे खरेखुरे चरित्र होय. साल गेलेल्या मृत फांदीस तेथे ‘जिन’ व खोडावरील मृत पट्ट्यास ‘शारी’ म्हणतात. ‘शारी’ हे संस्कृत ‘शरीर’ शब्दाचेच बौद्ध परंपरेतून जपानात पोहोचलेले रूप असून त्याचा मूळ अर्थ बुद्धाचे अस्थिअवशेष असा आहे. सालीच्या एखाद्या अरुंद पट्टीवर तगलेला वृक्ष जणू स्वतःचेच अवशेष अंगावर वागवतो. या रचनेतील कारुण्य तेथून येते.

हाच संकेत कर्जत-खालापूरच्या वृक्षांवर जसाच्या तसा लादला, तर काय होते? क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्यासाठी मांडलेला औचित्याचा निकष येथे उपयोगी पडतो. या मुलुखात हिम नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि पुढे वाळवी! वड-उंबराचे मऊ लाकूड त्यांपुढे टिकत नाही. चुना-गंधकाचे द्रावण लावून ते काही काळ शुभ्र राखता येते, परंतु ती निव्वळ रंगभूषा झाली. कला निसर्गाची दासी नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. मासाहिको किमुरा यांनी यंत्राच्या हत्यारांनी मृतकाष्ठ कोरून संकेत पुष्कळच सैल केले, हे खरे. तथापि ते स्वातंत्र्यही जुनिपरच्या टिकाऊ काष्ठावरच उभे आहे.

सह्याद्रीच्या या पायथ्याशी मृत्यूची खूण पांढरी नसते. ती पोकळ असते. जुन्या चिंचेची ढोली पाहावी. ताडावर किंवा ऐनावर पक्ष्याने टाकलेल्या बीजातून पायर उगवते, तिची मुळे आश्रयवृक्षास वेढतात, आणि तो मरून कुजल्यावरही मुळांच्या जाळीत त्याचा आकार राहतो. कर्जतनजीकच्या कोंडाणे लेण्यांच्या दर्शनी भागात लाकडी बांधणीची रूपे दगडात उतरविलेली आहेत. तेथेही काष्ठ नाही, त्याचा आकार आहे. जपानी परिभाषेत ढोलीला ‘उरो’ व दुभंगलेल्या खोडाला ‘साबामिकी’ अशी नावे आहेतच. म्हणजे परंपरेबाहेर जाण्याचीही गरज नाही. जिनच हवा असेल, तर माथेरानच्या पठारावरील अंजनीसारखे कठीण लाकूड त्याला अधिक साजेल.

मुळांची अशी जाळी कुंडीत घडण्यास वर्षे लागतात, आणि शुभ्र काष्ठाला सरावलेला परीक्षक पोकळीला व्यंगच समजण्याचा संभव आहे. कारागिराची अडचण मात्र निराळी असते : ढोलीच्या तळाला पाण्यासाठी वाट ठेवली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात खोड आतून नासू लागते.